विजेतेपद मिळते, नोकरी टिकत नाही : ग्रेग पॉपोविच आणि एनबीएतील प्रशिक्षकपणाचा आढावा

२०१९ ते २०२३ या पाच मोसमांत एनबीए या उत्तर अमेरिकी बास्केटबॉल लीगचे विजेतेपद पाच वेगवेगळ्या संघांकडे गेले. टोरांटोचे निक नर्स, लॉस एंजेलिस लेकर्सचे फ्रँक व्होगेल, मिल्वॉकीचे माइक बुडनहोल्झर, गोल्डन स्टेटचे स्टीव्ह कर आणि डेन्व्हरचे मायकेल मलोन हे त्या संघांचे प्रशिक्षक. यांपैकी कर वगळता बाकीच्या चौघांनाही त्याच संघांनी पुढे काढून टाकले. व्होगेल यांना विजेतेपदानंतर दोन वर्षेही मिळाली नाहीत. मलोन यांनी डेन्व्हरला संघाच्या इतिहासातले पहिले एनबीए विजेतेपद मिळवून दिले होते, आणि २०२५च्या एप्रिलमध्ये साखळीचे अवघे तीन सामने उरले असताना त्यांना घरी पाठवण्यात आले.

ज्या पेशात सर्वोच्च यश मिळवूनही माणूस दोन-तीन वर्षांत बेकार होतो, त्या पेशात यशस्वी कारकीर्द कशाला म्हणायचे? खेळाडूंच्या जोरावर मिळालेले यश कोणते आणि प्रशिक्षकाने घडवलेले कोणते, हे वेगळे काढता येते का? या प्रश्नावर अमेरिकेत गेली साठ-सत्तर वर्षे वाद चालू आहे. तो नीट समजून घ्यायचा तर सॅन अँटोनियो स्पर्सचे माजी प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांची कारकीर्द पाहावी, कारण वादाच्या दोन्ही बाजूंचे पुरावे तिच्यात सापडतात.

आधी कामाचे स्वरूप. आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानावर कर्णधाराला जे स्थान असते, ते बास्केटबॉलमध्ये प्रशिक्षकाला आहे. सामना ४८ मिनिटांचा, प्रत्येक चढाईला २४ सेकंद, आणि खेळाडू बदलण्यावर मर्यादा नाही. कोणते पाच जण कोर्टावर, कोण बाकावर, टाइमआउट कधी घ्यायचा, शेवटच्या चढाईत चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, हे सगळे कडेला उभा असलेला माणूस ठरवतो. साखळीतच ८२ सामने असतात. ज्या खेळाडूंना तो ओरडतो, त्यांतल्या काहींचा पगार त्याच्या पगाराच्या कितीतरी पट असतो आणि मालकाशी त्यांचे थेट बोलणे असते. अधिकार मोठा आहे, पण तो खेळाडूंनी मान्य केला तरच चालतो.

पॉपोविच यांचा जन्म १९४९चा, इंडियाना राज्यातल्या ईस्ट शिकागो या पोलादाच्या कारखान्यांच्या गावातला. वडील सर्बियन वंशाचे, आई क्रोएशियन. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतून ते १९७० मध्ये बाहेर पडले. तिथे त्यांचा विषय होता सोव्हिएत अभ्यास. सैन्यदलांच्या संघाकडून पूर्व युरोप आणि सोव्हिएत संघात ते खेळून आले. एनबीएत खेळाडू म्हणून ते कधीच उतरले नाहीत.

१९७९ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट येथील पोमोना-पिट्झर महाविद्यालयाच्या संघाची सूत्रे घेतली. हा तिसऱ्या श्रेणीचा संघ. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, मुले अभ्यासासाठी येतात आणि प्रयोगशाळेचे तास आटोपून सरावाला येतात. पहिल्या मोसमात २ विजय आणि २२ पराभव. वर्षानुवर्षे हरत आलेल्या कॅलटेकच्या संघानेही त्यांना हरवले. पॉपोविच बायको-मुलांसह वसतिगृहात राहत आणि महाविद्यालयाच्या समित्यांवर काम करत. या नोकरीत ते आयुष्य काढायला तयार होते. सातव्या मोसमात, १९८६ मध्ये, त्या संघाने आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले. याआधी ते मिळाले त्याला ६८ वर्षे झाली होती. त्यांच्या चरित्रातला हा भाग बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकला जातो. माझ्या मते पुढच्या सगळ्याची किल्ली इथेच आहे. ज्या मुलांना खेळातून एक पैसाही मिळणार नव्हता, त्यांना शिकवण्यात या माणसाने उमेदीची वर्षे घालवली. धाक किंवा पैसा हाताशी नसताना दुसऱ्याला आपले ऐकायला लावायचे कसे, हे तो तिथे शिकला.

त्यानंतर एक वर्षाची रजा घेऊन त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ आणि कॅन्ससचे लॅरी ब्राउन यांचे काम जवळून पाहिले. ब्राउन १९८८ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सकडे गेले, तेव्हा पॉपोविच त्यांचे सहाय्यक झाले. मध्ये दोन वर्षे गोल्डन स्टेटला डॉन नेल्सन यांच्या हाताखाली काढून १९९४ मध्ये ते स्पर्सचे जनरल मॅनेजर म्हणून परतले. १० डिसेंबर १९९६ रोजी, संघ ३ विजय आणि १५ पराभवांवर असताना, त्यांनी प्रशिक्षक बॉब हिल यांना काढले आणि त्यांच्या जागी स्वतः उभे राहिले. मोठा खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीतून परत येण्याच्या बेतात असताना झालेला हा बदल शहराला अजिबात रुचला नाही. रॉबिन्सन लगेच पुन्हा जायबंदी झाले आणि मोसम २० विजय, ६२ पराभवांवर संपला.

इथे नशीब आले, आणि ते मान्य केलेच पाहिजे. एनबीएत तळाच्या संघांमध्ये सोडत निघते आणि तिच्यावरून नवे खेळाडू निवडण्याचा क्रम ठरतो. १९९७च्या सोडतीत सर्वाधिक शक्यता बोस्टनची होती. पहिला क्रमांक निघाला सॅन अँटोनियोचा. त्या क्रमांकावर टिम डंकन आले. पॉपोविच त्या उन्हाळ्यात डंकन यांच्या घरी, व्हर्जिन बेटांतल्या सेंट क्रॉइ येथे गेले आणि काही दिवस त्यांच्यासोबत राहिले, समुद्रात पोहले. पुढची १९ वर्षे डंकन दुसऱ्या कोणत्याही संघाकडून खेळले नाहीत.

तरीही १९९९च्या सुरुवातीला पॉपोविच यांची खुर्ची डळमळली होती. मालक-खेळाडू वादामुळे ५० सामन्यांचाच झालेला तो मोसम ६ विजय आणि ८ पराभवांनी सुरू झाला. ह्यूस्टनचा सामना हरले तर नोकरी जाणार, अशी उघड चर्चा होती. एव्हरी जॉन्सन आणि रॉबिन्सन हे ज्येष्ठ खेळाडू त्यांच्या मागे उभे राहिले. संघाने तो सामना जिंकला, उरलेल्या ३६ पैकी ३१ सामने जिंकले आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला हरवून पहिले विजेतेपद घेतले. पुढे २००३, २००५, २००७ आणि २०१४ ही विजेतेपदे आली. १९९८पासून सलग २२ मोसम प्लेऑफ, सलग १८ मोसम ५० किंवा अधिक विजय. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या नावावर साखळीतले १,४२२ विजय होते; एनबीएत याहून अधिक कोणाचेही नाहीत.

आता वादाकडे येऊ. डंकन नसते तर पॉपोविच कुठे असते? टीकाकारांचा हा प्रश्न वाजवी आहे. रेड ऑरबॅक यांच्याबाबतही तो विचारला गेला. त्यांनी बोस्टनला १९५७ ते १९६६ दरम्यान नऊ विजेतेपदे मिळवून दिली, पण ती सगळी बिल रसेल संघात असतानाची. ऑरबॅक बाजूला झाल्यावर रसेल स्वतःच खेळाडू आणि प्रशिक्षक झाले, आणि १९६८ व १९६९ अशी आणखी दोन विजेतेपदे त्यांनी जिंकली. मग श्रेय कोणाचे? ऑरबॅक यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की रसेल यांना १९५६ मध्ये बोस्टनला आणण्याची खटपट त्यांचीच होती, आणि एका कृष्णवर्णीय माणसाला अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या संघाची सूत्रे देण्याचे धाडसही त्यांचेच. त्या काळी सहाय्यक नसत. खेळाडू हेरण्यापासून सराव घेण्यापर्यंत सगळे एका माणसाकडे होते.

फिल जॅक्सन यांच्या अकरा विजेतेपदांबद्दलही हेच बोलले जाते. शिकागोत त्यांना मायकेल जॉर्डन मिळाले, लॉस एंजेलिसला शकील ओनील आणि कोबी ब्रायंट. पण तारखा नीट पाहिल्या की चित्र बदलते. जॉर्डन १९८४ मध्ये शिकागोत आले आणि जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले १९८९ मध्ये. मधल्या पाच मोसमांत एकही विजेतेपद नव्हते. ओनील आणि ब्रायंटही जॅक्सन येण्याआधी तीन मोसम एकत्र खेळून रिकाम्या हाताने परतले होते. जॉर्डन १९९३ मध्ये खेळ सोडून गेले, तेव्हा शिकागोचे विजय ५७ वरून ५५ वर आले, फक्त दोनने घसरले. टेक्स विंटर या वयोवृद्ध सहाय्यकाची ‘ट्रँगल’ पद्धत त्यामागे होती. तिच्यात चेंडू एका हातात अडकून राहत नाही, आणि पाचही जणांना खेळ वाचावा लागतो. ती जॉर्डन यांच्या गळी उतरवणे हे जॅक्सन यांचे खरे काम.

डेव्हिड बेरी आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये आकडेवारीवरून हा प्रश्न तपासला. बहुतेक प्रशिक्षकांचा खेळाडूंच्या कामगिरीवर मोजता येण्याजोगा परिणाम त्यांना दिसला नाही. ज्या थोड्यांचा दिसला त्यांत जॅक्सन आणि पॉपोविच होते. या अभ्यासाचा निष्कर्ष मला अर्धाच पटतो. दर दोन वर्षांनी माणूस बदलला जात असेल, तर परिणाम दिसायला अवधीच कुठे मिळतो?

उलट बाजूला जेरी स्लोन आहेत. यूटाचे ते १९८८पासून २०११पर्यंत प्रशिक्षक होते. त्यांच्या नावावर १,२२१ विजय आहेत, १९९७ आणि १९९८ मध्ये ते अंतिम फेरीत पोहोचले आणि दोन्ही वेळा जॉर्डन यांच्या शिकागोसमोर हरले. विजेतेपद एकही नाही. वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक हा पुरस्कारही त्यांना कधी मिळाला नाही. स्लोन यांना अयशस्वी म्हणण्याची माझी तयारी नाही. विजेतेपदे मोजून कारकीर्द मोजण्याची सवय किती तोकडी आहे, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

अमेरिकेबाहेर पाहिले तर वादाला वेगळे वळण मिळते. सर्बियाच्या झेल्को ओब्रादोविच यांनी युरोलीग नऊ वेळा जिंकली, आणि तीही पाच वेगवेगळ्या क्लबांसह : पार्टिझान, होवेन्तुत, रेआल माद्रिद, पानाथिनाइकोस आणि फेनेरबाचे. त्यांनी १९९१ मध्ये खेळणे थांबवले आणि त्याच उन्हाळ्यात पार्टिझानची सूत्रे घेतली. युगोस्लाव्हियातल्या युद्धामुळे संघाला घरचे सामनेही स्पेनमध्ये खेळावे लागले, आणि १९९२ मध्ये त्या तरुण संघाने युरोपचे विजेतेपद घेतले. खेळाडू बदलले, देश बदलला, भाषा बदलली, तरी निकाल तोच. प्रशिक्षकाचा काही उपयोग नसतो असे मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

माझा स्वतःचा कल पॉपोविच यांच्या २०१३ आणि २०१४ या दोन मोसमांवरून ठरतो. २०१३च्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनियो ३-२ ने पुढे होते. मायामीत सहाव्या सामन्याची शेवटची २८ सेकंदे उरली तेव्हा संघ पाच गुणांनी पुढे होता. मायामीच्या शेवटच्या चढायांत पॉपोविच यांनी डंकन यांना बाकावर बसवले होते. ख्रिस बॉश यांनी रिबाउंड घेतला, चेंडू कोपऱ्यात रे ॲलन यांच्याकडे गेला आणि ५.२ सेकंद उरले असताना तीन गुणांची बास्केट झाली. सामना जादा वेळेत गेला, हातातून गेला. सातवाही गेला. डंकन यांना बसवण्याचा निर्णय आजही चर्चेत येतो. त्याआधीही त्यांनी तसेच केले होते, पण रिबाउंडसाठी सर्वांत भरवशाचा माणूस त्या क्षणी बाहेर होता हे नाकारता येत नाही.

सहाव्या सामन्याच्या त्या रात्री विजयोत्सवासाठी मायामीतले एक रेस्टॉरंट ठरवलेले होते. पॉपोविच यांनी बेत रद्द केला नाही. सगळ्यांनी एकत्रच जेवायचे, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या जेवणात ते एकेका खेळाडूजवळ जाऊन बोलत राहिले. पुढच्या मोसमाच्या सराव शिबिरात त्यांनी संघाला एकत्र बसवून त्याच पराभवाचे चित्रीकरण दाखवले. डंकन तेव्हा ३७ वर्षांचे होते, मानू जिनोबिली ३६चे. त्या मोसमात एकाही खेळाडूला सरासरी ३० मिनिटे खेळवले गेले नाही, आणि तरी साखळीत ६२ सामने जिंकले. संघात फ्रान्सचे टोनी पार्कर आणि बोरिस डिऑ, अर्जेंटिनाचे जिनोबिली, ब्राझीलचे टियागो स्प्लिटर, इटलीचे मार्को बेलिनेली, ऑस्ट्रेलियाचे पॅटी मिल्स असे लोक होते. जिनोबिली १९९९ मध्ये ५७व्या क्रमांकावर निवडलेले, पार्कर २००१ मध्ये २८व्या. डिऑ यांना तर शार्लटने सोडून दिले होते. मिल्स ऑस्ट्रेलियातल्या टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील समाजातले. अंतिम मालिकेच्या तोंडावर ३ जून हा ‘माबो दिन’ आला, तेव्हा त्या समाजाच्या जमीन-हक्कांसाठी लढलेल्या एडी माबो यांची गोष्ट पॉपोविच यांनी सगळ्या संघाला सांगितली. पंचविशीतल्या, बाकावरून येणाऱ्या खेळाडूला आपण कोण आहोत हे संघाला ठाऊक आहे याची खात्री मिळाली. मालिका ४-१ अशी संपली. सरासरी १४ गुणांच्या फरकाने विजय, एनबीएच्या अंतिम मालिकेत इतका मोठा फरक आधी कधी झाला नव्हता.

हे केवळ डंकन यांच्यामुळे झाले असे म्हणता येणार नाही. डंकन यांच्याशिवाय झाले असते असेही नाही. पॉपोविच डंकन यांना सगळ्यांसमोर रागावत आणि डंकन ऐकून घेत. मग बाराव्या खेळाडूला तक्रारीला जागा उरत नसे. असा खेळाडू मिळणे नशिबाचे, पण एकोणीस वर्षे त्याचा विश्वास टिकवणे हे कौशल्य.

या कौशल्याला वेळ लागतो, आणि वेळ संघमालकाच्या हातात असतो. मायामीच्या एरिक स्पोल्स्ट्रा यांनी १९९५ मध्ये व्हिडिओच्या खोलीतून सुरुवात केली. लेब्रॉन जेम्स आले त्या २०१०च्या मोसमाची सुरुवात ९ विजय, ८ पराभव अशी झाली, तेव्हा संघाचे अध्यक्ष आणि माजी प्रशिक्षक पॅट रायली यांनीच पुन्हा खाली उतरावे असा गलका झाला. रायली उतरले नाहीत. २०१२ आणि २०१३ची विजेतेपदे त्यातून आली. उलट फिनिक्सने २०२३, २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ तीन उन्हाळ्यांत माँटी विल्यम्स, व्होगेल आणि बुडनहोल्झर यांना काढले. यांतले दोघे विजेतेपद मिळवलेले, आणि विल्यम्स आदल्याच वर्षी सर्वोत्तम प्रशिक्षक ठरलेले.

मराठी वाचकाला या चर्चेत एक ओळखीचे नाव भेटेल. सॅक्रामेंटो किंग्ज या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. २०१३ मध्ये संघ घेतल्यावर त्यांनी मायकेल मलोन यांना नेमले आणि २०१४च्या डिसेंबरात, ११ विजय व १३ पराभवांवर, मोसमाच्या मध्यात काढले. त्या वेळी संघाचा मुख्य खेळाडू डिमार्कस कझिन्स आजारी होता. त्याच मलोन यांना डेन्व्हरने पुढे वेळ दिला, आणि तिथल्या आठव्या मोसमात विजेतेपद आले. २०२२ मध्ये रणदिवे यांनी पॉपोविच यांचे जुने सहाय्यक माइक ब्राउन यांना आणले. ब्राउन यांनी पहिल्याच वर्षी १६ मोसमांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला आणि सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार एकमताने मिळवला. २०२४च्या डिसेंबरात त्यांनाही काढले गेले. रणदिवे यांची खेळावरची तळमळ खरी आहे. २०१९च्या ऑक्टोबरात एनबीएचे सामने मुंबईत, वरळीच्या डोममध्ये झाले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण प्रशिक्षकांबाबतचा त्यांचा उतावळेपणा संघाला महाग पडला, असेच मला वाटते.

भारताच्या राष्ट्रीय संघालाही हा धडा लागू आहे. अमेरिकेचे स्कॉट फ्लेमिंग २०१२ मध्ये आले आणि २०१४ मध्ये वुहान येथे आपल्या संघाने चीनला ६५-५८ असे हरवले. फ्लेमिंग २०१५ मध्ये गेले. नागपाड्याच्या मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर पिढ्यानुपिढ्या खेळाडू घडत आले आहेत, मुले आपल्याकडे कमी नाहीत. एका प्रशिक्षकाला सलग आठ-दहा वर्षे राष्ट्रीय संघ सोपवून पाहिला पाहिजे.

पॉपोविच यांच्या हाताखालून गेलेल्यांची यादी लांबलचक आहे. कर त्यांच्याकडे खेळाडू होते, बुडनहोल्झर, विल्यम्स, ब्राउन, इमे उडोका, क्विन स्नायडर हे सहाय्यक किंवा कर्मचारी. २०१४ मध्ये त्यांनी बेकी हॅमन यांना पूर्णवेळ सहाय्यक नेमले. एनबीएत पगारी पूर्णवेळ सहाय्यक झालेल्या त्या पहिल्या स्त्री. ३० डिसेंबर २०२० रोजी पंचांनी पॉपोविच यांना बाहेर काढले, तेव्हा त्यांनी हॅमन यांच्याकडे बोट करून संघ सोपवला. हॅमन यांनी पुढे लास वेगास एसेसला डब्ल्यूएनबीए या स्त्रियांच्या लीगची तीन विजेतेपदे मिळवून दिली. एनबीएच्या तीसपैकी एकाही संघाने आजवर स्त्रीला मुख्य प्रशिक्षक केलेले नाही, आणि ही त्या तीसही संघांची लाजिरवाणी बाब आहे.

पॉपोविच यांची शेवटची वर्षे हरण्यात गेली. २०१६ मध्ये डंकन निवृत्त झाले, २०१८ मध्ये काव्हाय लेनर्ड नाराज होऊन टोरांटोला गेले. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही मोसमांत २२ विजय आणि ६० पराभव. आता थांबावे असे अनेकांनी सुचवले. पंचाहत्तरीतला हा माणूस मात्र १९-२० वर्षांच्या मुलांना कोठे उभे राहायचे ते शिकवत राहिला, आणि त्यांतल्याच व्हिक्टर वेंबन्यामा यांच्या पहिल्या मोसमाची उभारणी त्यातच झाली. २०२३च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनियोचे प्रेक्षक पाहुण्या लेनर्ड यांची हुर्यो उडवत होते, तेव्हा सामना चालू असताना त्यांनी हातात माइक घेतला आणि प्रेक्षकांना ते थांबवायला सांगितले. आपल्याला सोडून गेलेल्या खेळाडूसाठी त्यांनी हे केले. त्यांच्या पाच विजेतेपदांइतकेच मोल मी याला देतो.

२ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि ते पुन्हा बाकापाशी परतले नाहीत. २ मे २०२५ रोजी त्यांनी प्रशिक्षकपद सोडले आणि संघाच्या बास्केटबॉल विभागाचे अध्यक्ष म्हणून काम पुढे चालू ठेवले. बाहेरच्या एखाद्या नामवंताचा शोध न घेता त्याच दिवशी संघाने मुख्य प्रशिक्षकपद मिच जॉन्सन यांना दिले. ३८ वर्षांचे जॉन्सन २०१६पासून सॅन अँटोनियोच्याच व्यवस्थेत वाढलेले होते.